ऑरेंजची सहल आणि एकेचाळीस ठिपके

सिडनीतल्या टूनगॅबीहून ऑरेंज हे गाव साडेतीन तास. एम-फोर हायवेने पश्चिमेला निघालात की टोल लागत नाही, पेट्रोल मात्र पेन्रिथलाच भरून घ्या. आम्ही शनिवारी सकाळी सातला निघालो. शेजारी सित्ती, माझी पाहुणी. ती फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मुस्लिम भागातली, मिंडानाओची. तिथली लढाई थांबून थोडीच वर्षं झालीत. कॉफी पिकवणाऱ्या बायकांच्या सोसायटीची ती सेक्रेटरी, ऑरेंजच्या एका रोस्टरला, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याला, कॉफी विकायला आलेली. मी आयटीवाली. कुठलं पोतं कोणाच्या शेतातलं, हे दाखवणारा नकाशा मी हौसेने फुकटात करून दिला होता.

लिथगोला चहाला थांबलो. मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, म्हणजे हलालचा प्रश्नच नाही. खाता खाता ती म्हणाली, "तो मॅप रोस्टरला दाखवू नकोस हं. पोरींनी फोनवरून शेतांऐवजी घरांची लोकेशन्स पाठवली, हे मोठ्यांना आत्ता कळलं. पूर्वी ज्या घरावर खूण व्हायची, तिथे बंदूकवाले पोचायचे."

नकाशा मी शुक्रवारी सकाळीच रोस्टरला मेल केला होता.

बॅथर्स्टपर्यंत मी विषय टाळला. दोन्हीकडे पिवळी पडलेली झाडं, फोटो काढण्यासारखा रस्ता, आणि मी नुसती घाम पुसतेय. शेवटी सांगून टाकलं.

"किती घरं?" सित्तीने विचारलं.

"सगळी. एकेचाळीस ठिपके."

ऑरेंजला रोस्टरच्या टेबलावर नकाशाची प्रिंट होतीच. कॉफी त्याला फार आवडली. सित्तीने कागद उलटा केला. "गोदामाचा पत्ता मिळेल. घरांचा नाही."

"नो वरीज, डिलीट करतो," तो म्हणाला आणि वीस पोत्यांची ऑर्डर दिली. मला वाटलं, सुटले.

परतीला उजेडातच निघा, अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात. आम्ही घरी पोचतोय तोच रोस्टरचा मेसेज आला. त्याने नकाशा पुसला होता, पण व्यवहाराच्या तयारीसाठी शुक्रवारीच तो बँकेला आणि विमा कंपनीला फॉरवर्ड केला होता. या वेळी मी लपवलं नाही, फोन सरळ सित्तीच्या हातात दिला.

"त्यांनी पुढे कोणाला पाठवला?"

"माहीत नाही गं."

सोमवारी एअरपोर्टवर ती म्हणाली, "ऑर्डरचं सगळ्यांना सांगेन. मॅपचं आधी आईला. तिसरा ठिपका तिचा आहे."

रस्ता सुंदर आहे, जरूर जा. बँकेने नकाशा पुसल्याचं कळवलं. विमावाल्यांना मी अजून रोज मेल करते. काल सित्तीचा निरोप आला. पहिली पोती भरून झाली, आणि तिची आई आता रात्री झोपायला आपल्या बहिणीकडे जाते.