काचेवर दोन चाळीस

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! मेहकरचे डोळ्यांचे डॉक्टर हसले, तिथं तुमचं काय घेऊन बसायचं?

झालं असं, आमच्या यांनी जुनी गाडी घेतली आणि दुकानातून तिच्यात एक डबी बसवून आणली. गाडीचा स्पीड समोरच्या काचेवर आकड्यात दाखवणारी! "आता खाली पाहाचं कामच नाही," हे म्हणाले. "नजर रस्त्यावर, आकडा डोयासमोर."

माझ्या सीटवरून मात्र काहीच दिसायचं नाही. मी आपली आठ महिन्यांची चिमी मांडीवर घेऊन, जीव मुठीत धरून बसायची. स्वभावच तसा. पोरीला शिंक आली तरी मी नवस बोलते!

त्या दिवशी चिमीला शेगावला दर्शनाला न्यायचं होतं. सकाळीच मी गाडी आतून-बाहेरून पुसून लख्ख केली. दुसरबीड सोडलं, आणि थोड्याच वेळात हे डोळे चोळायला लागले.

"मले दोन चाळीस दिसून राह्यले."

"म्हंजे?"

"एकावर एक. दोन."

मी चिमीला घट्ट कवटाळलं! एवढंसं लेकरू, आणि बापाचे डोळे गेले? आणि ते गेले असतील, तर ही गाडी आत्ता कोण चालवतंय?

"एक डोया मिटा!"

"मिटला. तरी दोन."

"आता दुसरा!"

"दोनच."

"दोन्ही मि... नाही नाही, उघडे ठेवा!"

मी बोट दाखवलं. "किती?"

"एक."

"नीट पाहा!"

"अवं, एकच हाय!"

मला वाटलं, मी घाबरू नये म्हणून खोटं बोलतायत. "अन् मी किती दिसते?"

"एकच. दोन दिसल्या असत्या तं म्या गाडीतून उडी मारली असती!"

थट्टा केली खरी, पण चेहरा उतरला होता. नजर त्या आकड्यावर, पाय ब्रेकवर. मेंढरांचा कळप आम्हाला मागं टाकून गेला! मेंढपाळानं वळून विचारलंसुद्धा, "काऊन भाऊ, पेट्रोल संपलं का?"

शेगाव राहिलं बाजूला, मेहकरचा डोळ्यांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बॅटरी मारली, अक्षरं वाचून घेतली. "डोळे ठणठणीत आहेत. दोन दिसते कुठं?"

"गाडीच्या काचेवर."

डॉक्टर उठले आणि स्वतः स्टेअरिंगमागं जाऊन बसले. गाडी चालू केली, डोळे बारीक केले. "अरेच्चा! मलेही दोन शून्यं दिसून राह्यले!"

"साथ आली वं माय!" मी ओरडले आणि पदरानं चिमीचे डोळे झाकले.

डॉक्टरांनी काचेवरून बोट फिरवलं. "इथं पातळ पन्नी लावलेली असते. ती नसली की काचेच्या दोन्ही अंगांवर आकडा उमटते. कोणं काढली?"

मी हळूच पर्स उघडली. सकाळी पुसताना ती दिसली होती. म्हटलं, नव्या वस्तूवरची पन्नी काढायचासुद्धा कंटाळा यांना! नखानं सोलली आणि कामात येईल म्हणून घडी करून ठेवली.

यांनी पन्नीकडं पाहिलं, मग हसत सुटलेल्या डॉक्टरांकडं. "साहेब, माह्या डोयाचं राहू द्या. हिच्या हाताले काही औषध असंन तं सांगा."

आता नवी पन्नी लागलीय. गाडीत बसले की यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "चिमीले दोन्ही हातांनं धर." बघणाऱ्याला वाटतं, बापाला लेकीची केवढी काळजी!

लेकीची कसली? काचेची!