गोळ्या परत देऊ नका

ती घटना आठवली की मला माझ्या तेव्हाच्या टोपीची आजही लाज वाटते; टोपीखालच्या डोक्याची तर वाटतेच. भर गावात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभी राहून मी हुकूम सोडला होता की दवाखान्याने दिलेल्या गोळ्या कोणीही परत द्यायच्या नाहीत. त्या हुकमापायी एका पोरीचा जीव जायची पाळी आली. माझ्या नातवंडांचा समज आहे की आजी नोकरीत कधी चुकलीच नाही. त्यांनी हे जरूर वाचावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात, गडचिरोलीच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होते. लेडी फौजदार म्हणजे तिकडे तेव्हा बघायची वस्तू. तक्रार नसली तरी लोक ठाण्यात डोकावून जात. मला वाटायचं, हा आपला दरारा.

खबर आणली एका ऑटोवाल्याने. बसस्टँडवर उभा राहायचा, आणि तालुक्यातली निम्मी भानगड त्याच्या मागच्या सीटवर बसून फिरायची.

"मॅडम, मामला गडबड वाटते," तो म्हणाला. "चंद्रपूरच्या दवाखान्याचे दोन पोट्टे माह्या ऑटोत बसले. घरोघरी जाऊन गोळ्या वापस घेऊन राह्यले. मी म्हटलं, काऊन भाऊ? तं म्हणते, तू गाडी चालव."

"कसल्या गोळ्या?"

"सिकलसेलवाल्यायच्या. इतके दिवस फुकट वाटल्या, आता एकदम वापस. कोणी मेलं तं नाई ना, मॅडम?"

आमच्या भागात सिकलसेल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. ते दुखणं कमी करणाऱ्या एका नव्या गोळीची चाचणी त्या दवाखान्यात सुरू होती. दोन वर्षं चालायची होती, ती वर्षाच्या आतच गुंडाळली. आणि आता घराघरातून माल गोळा करणं चाललं होतं. पोलिसाला याचा एकच अर्थ लागतो: पुरावा नष्ट करणं. स्टेशन डायरीला नोंद टाकली आणि जीप काढली.

ऑटोवाल्याने सांगितलेल्या गावात पोचले तेव्हा दवाखान्याचे ते दोघे निघून गेले होते, पण बरीच घरं अजून व्हायची होती. गुन्हा दाखल नव्हता, म्हणून गोळ्या मला जप्त करता येईनात. कायद्याची मी फार पक्की! मग सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, गोळ्या आपापल्या घरी नीट सांभाळून ठेवा, दवाखान्याचं कोणीही आलं तरी द्यायच्या नाहीत, दिल्या तर माझ्याशी गाठ आहे. लोकांनी माना डोलावल्या. मी खूश होऊन परतले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरला चौकशीला बोलावलं. चाळिशीचा माणूस, स्वतःच्या स्कूटरवर आला, वकील नाही, कोणाची चिठ्ठी नाही. मी मनाशी म्हटलं, हा फारच पोचलेला दिसतो. आमची पद्धत ठरलेली असे. आधी चहा द्यायचा, मग बराच वेळ काहीच बोलायचं नाही. दोषी माणूस शांतता सहन करू शकत नाही, काहीतरी बोलून बसतो. हा चहा पिऊन गप्प बसला. शेवटी मलाच राहवलं नाही.

"कोणाला कोणती गोळी दिली?"

"मला माहीत नाही."

"दिल्या तुम्हीच ना?"

"हो, मीच दिल्या. निम्म्या लोकांना नवी गोळी होती, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाच्या वाट्याला कोणती आली ते पेशंटला सांगत नाहीत, आणि मलाही नाही. डबे नंबर घालून बाहेरून येतात."

मी पेन खाली ठेवलं. 'माहीत नाही' मी चोरांकडून ऐकलं होतं, सासऱ्यांकडून, सरपंचांकडून ऐकलं होतं. पण माहीत नसण्याची इतकी व्यवस्थित सोय लावून आलेला माणूस पहिल्यांदाच बघत होते.

"बरं. मग मध्येच बंद का केलं?"

"बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती असते. चाचणी चालू असताना आकडे उघडून बघायचा अधिकार फक्त तिला. नवी गोळी इतकी चांगली निघाली की बाकीच्यांना न देणं अन्याय होईल, तर ते थांबवतात. पुढे कितीही चालवलं तरी काही निष्पन्न होणार नाही असं दिसलं, तरी थांबवतात. आणि अपाय दिसला तर ताबडतोब थांबवतात. आमची अपायामुळे थांबली. एका गटात लिव्हर बिघडलेले लोक जास्त सापडले."

"तुम्ही रोज पेशंट बघता. तुम्हाला नाही दिसलं?"

"सिकलसेलवाल्याचे डोळे एरवीही पिवळट असतात, मॅडम. एकेकट्याला बघून उमगत नाही. दोन्ही गट शेजारी ठेवले की फरक कळतो. कोणाकडे कोणती गोळी आहे ते मला आजही माहीत नाही, म्हणून सगळ्यांच्याच परत हव्यात. तुम्ही गावाला नाही म्हणून सांगितलंय. कृपा करून ते मागे घ्या."

पुरावा परत मागणारे मी पुष्कळ पाहिले होते. कृपा करून मागणारा हा पहिला. मी गालातल्या गालात हसले, जबाबावर सही घेतली आणि त्याला जायला सांगितलं. हुकूम मागे घेतला नाही. उलट बीटच्या जमादाराला बजावलं, गावावर लक्ष ठेव.

आठवडाभराने एका घरफोडीच्या गुन्ह्यात चंद्रपूरच्या जेलमध्ये ओळख परेड होती. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांत उभं करायचं आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचं. मी आत शिरायला निघाले तर परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांनी अडवलं.

"मॅडम, तुम्ही फाटकाबाहेर."

"साहेब, तपास माझा आहे. आरोपी मी धरलाय, साक्षीदार मी आणलाय."

"म्हणूनच बाहेर. तुम्ही आत असलात तर साक्षीदार रांगेकडे कशाला बघेल? तुमच्या तोंडाकडे बघेल. तुम्ही मुद्दाम काही करणार नाही हो, पण नजर जातेच."

नियम मला पाठ होता. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. फणकारत समोरच्या टपरीवर गेले, चहा घेतला. कप तोंडाला लावला आणि तिथेच थांबले.

त्या डॉक्टरलाही फाटकाबाहेर ठेवलं होतं. खरी गोळी कोणाला आहे हे त्याला ठाऊक असतं, तर त्या पेशंटकडे तो वेगळ्या नजरेने बघता, आणि पेशंटही त्याच्या तोंडाकडे बघून 'बरं वाटतं' म्हणता. त्याचं माहीत नसणं ही लबाडी नव्हती. ती परेड होती. आणि ते खरं असेल, तर त्याने सांगितलेलं बाकीचंही खरं होतं. लिव्हरचंसुद्धा.

परेडचं बाकीचं काम सोबतच्या हवालदारावर सोडून मी तशीच निघाले. वाटेत डॉक्टरला दवाखान्यातून उचललं. जीपमध्ये तो एकच वाक्य बोलला, "कोणी अजून खात नसलं म्हणजे झालं."

गावातल्या बहुतेकांनी गोळ्या कोठीत, फडताळात ठेवून दिल्या होत्या. एका घरी मात्र अंगणात खाटेवर विशीतली सून पडलेली होती. दोन दिवसांपासून अन्न नाही, नुसत्या उलट्या. डोळे हळदीसारखे. डॉक्टर पापणी उघडून बघेपर्यंत मी सासूला विचारलं, "मावशी, हिला त्या गोळ्या देताय का अजून?"

"देऊन राह्यली ना बाई, दोन्ही टाइम," म्हातारी म्हणाली. "इचे डोळे तं नेहमीच पिवळे राह्यते."

"बंद झाल्यात त्या!"

"कोण म्हटलं? तुमीच तं सांगतलं, जपून ठेवा, कोणाले देऊ नका. दवाखान्याचे पोट्टे मांगाले आले, तं मी त्यायले वापस धाडलं. पोलीस ज्याच्यासाठी गाडी घेऊन येते, ते चीज खराब राहीन का बाप्पा? मी म्हटलं, लय भारी औषध दिसते. येकबी चुकवली नाई."

खाटेवरच्या गोधडीसकट पोरीला जीपमध्ये घातलं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती आणि मी ड्रायव्हरवर ओरडत होते, जसा काही तो खड्डा त्यानेच खणला होता.

ती वाचली. पंधरवडाभर दवाखान्यात होती. डॉक्टरने मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढे नंबर उघडले तेव्हा कळलं, तिच्या वाट्याला खरीच गोळी आली होती.

चौकशी अहवालात मी लिहिलं की गैरप्रकार आढळला नाही. माझ्या ओट्यावरच्या भाषणाचा त्यात उल्लेख नव्हता. अहवाल मीच लिहिला होता ना! मात्र एक गोष्ट मी त्यात टाकलीच, आणि तेवढ्यापुरता त्या दवाखान्यावरचा माझा संशय आजही कायम आहे. गोळ्या परत घेताना घरच्यांना कारण सांगितलं नव्हतं. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, लोक घाबरतील, बाकीची औषधंही सोडतील असं वाटलं. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला समोरच्याच्या घाबरण्याची फार काळजी. त्यापायी तो त्याला अंधारात ठेवतो. संशय घ्यायचा तर पगारच होता मला, त्याबद्दल मी माफी मागत नाही. पण त्या पोरीच्या दारात उभी राहून मला कळलं की मी डॉक्टरवर घेतला, दवाखान्यावर घेतला, आणि एकदाही स्वतःच्या हुकमावर घेतला नाही. पुढच्या नोकरीत कोणालाही काही बजावण्याआधी मी का ते सांगू लागले. हाताखालची पोरं वैतागायची.

काही महिन्यांनी ती पोरगी आठवडी बाजाराला आली तेव्हा सासूसोबत ठाण्यात आली. हातात वांग्यांची पिशवी. अंग भरलं होतं. मी खुर्ची दिली आणि न राहवून विचारलं, "दवाखान्याच्या पोरांचं ऐकलं नाहीत, मग माझंच का ऐकलंत गं?"

तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या पोरायनं काऊन ते नाई सांगतलं, मॅडम, अन् तुमीबी नाई सांगतलं. पण त्यायच्या हातात काठी नव्हती."