‘सोड’ म्हटलं की सोडायचं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या नांदेडच्या नाट्यसंस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं मी पडद्यांच्या दोरांवर काढली. नटमंडळी मला मामा म्हणतात आणि माझ्यापासून चार हात लांब राहतात. गेल्या वर्षी संस्थेनं नवा नियम काढला. रंगमंचामागं काम करणाऱ्या नव्या माणसाला तीन महिने रीतसर प्रशिक्षण द्यायचं आणि दर प्रयोगानंतर त्याचा एक छापील फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना होता, ‘सूचना ताबडतोब पाळतात का?’ तिथं तीनदा ‘नाही’ आलं की उमेदवार घरी.

माझ्याकडं शिकायला आली ती एक बाई. पस्तिशीची, मुदखेडहून रोज रेल्वेनं येणारी. आधी ती आमच्याच नाटकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. दोराचं काम जमलं तर तिला कायमची नोकरी मिळणार होती. इस्त्रीवर ती जन्मात मिळाली नसती.

पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, “हे बघ बाई, इथं एकच शब्द चालतो. मी ‘सोड’ म्हणलो की सोडायचं. इचार करायचा न्हाई.”

“हाव,” ती म्हणाली.

गाठी ती दोन दिवसांत शिकली. हातात बळ होतं, घाई नव्हती. पण एक खोड जाईना. ‘सोड’ म्हटलं की आधी मान वाकवून मंचाकडं बघायची आणि मगच दोर सोडायची. तेवढ्यात पडद्याची वेळ हुकायची आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

“तिकडं काय बघायलीस? कान दे इकडं!”

“मामा, माझा बाप विहिरी खोदायचा. वरून टोपलं सोडायच्या आदी खाली वाकून बघायचं, आसंच शिकलाव आम्ही.”

“ही विहीर न्हाई.”

“खाली माणूस तर हायच की.”

तिच्या या उत्तरावर मी इतका चिडलो की त्या दिवशीच्या फॉर्मात पहिला ‘नाही’ लिहिला. नायगावच्या प्रयोगानंतर दुसरा. त्याच सुमारास दोराला एका जागी पांढरी चिंधी बांधलेली दिसली. मंचाकडं न बघताही पडदा कुठवर सोडायचा ते कळावं, त्याची ती खूण होती. “दोराला काय बाशिंग बांधलंय का?” मी ओरडलो. तिनं चिंधी काढली नाही. नवशिकीला लागते खूण, म्हणून मीही राहू दिली.

मला मंचाकडं बघावंच लागत नाही, असं मी सगळ्यांना मिशीला पीळ देऊन सांगायचो. नाटक मला कानानं कळतं म्हणायचो. खरी गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून दिव्यांच्या झोताकडं बघितलं की मला नुसतं धुकं दिसायचं. डोळ्यांचं कळलं तर दोर हातातून जाईल, या भीतीनं मी गप्प होतो.

मग लातूरचा दुपारचा प्रयोग आला. सभागृह भरलेलं होतं. या नाटकाच्या शेवटी नायिका मधोमध बसलेली असते. ती उठते, चार पावलं पुढं येते, शेवटचं वाक्य म्हणते आणि तिच्या मागं मोठा रंगवलेला पडदा एका दमात खाली येतो. पडद्याच्या तळाला लोखंडी पाइप असतो. तो उचलायला दोन गडी लागतात.

शेवटचं वाक्य माझ्या कानावर आलं. मी म्हणालो, “सोड.”

दोर हलला नाही.

“सोड म्हणतोय ना!”

तिनं मान हलवली. उलट दोराचा आणखी एक वेढा खुंटीला मारला. सभागृहात चिडीचूप. नाटक संपलं होतं आणि पडदा वरच लटकत होता. माझं डोकं फिरलं. मी पुढं झालो, तिचा हात बाजूला ढकलला आणि खुंटीवरचा वेढा काढू लागलो. दोर करकरला. वजन सुटू लागलं, तसा तिनं दोन्ही तळव्यांत दोर आवळून धरला आणि खांद्यानं मला मागं रेटलं. “बाई बसल्यात आजून!” ती दातओठ खाऊन म्हणाली. “पाय आडकलाय लुगड्यात!”

मी मंचाकडं बघितलं. धुकं. त्या धुक्यात नेमकं मधोमध, पाइपच्या खाली, काहीतरी लाल हलत होतं. ते उठलं, पुढं सरकलं. मग तिनं माझ्या शब्दाची वाट न बघता दोर सोडला.

टाळ्या पडल्या, पण तुटक पडल्या. संस्थेचे कार्यवाह तणतणत आत आले. “शेवटाचा पार विचका झाला! मामा, हा तिसरा. लिहा ‘नाही’ आणि मिटवा एकदाचं.” त्यांनी फॉर्म आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

ती कोपऱ्यातल्या बादलीत सोललेले तळवे बुडवून बसली होती. तिनं एका शब्दानंही माझी चुगली केली नाही. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. लाज वाटते सांगायला, पण मी थोडा वेळ गप्प राहिलोही.

मग रकान्यात ‘नाही’ लिहिलं. कार्यवाहांनी कागदाला हात घातला, तो मी धरून ठेवला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘सूचना चुकीची होती. पाळली असती तर पाइप नटीच्या डोक्यात पडला असता.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. “अहो, मग तुम्ही सोड म्हणालातच कसं? तुम्हाला दिसलं नाही?”

“न्हाई दिसलं,” मी म्हणालो. “दोन वर्सं झाली, मला मंचावरचं काही दिसत न्हाई.”

बादलीपाशी पाणी हललं. तिनं हात बाहेर काढून पदराला टिपले.

“मला म्हाईत हाय, मामा,” ती हळू म्हणाली. “चिंधी तुमच्यासाठीच बांधली होती.”