मर्सियाचा राजा आरोंद्यात पडेना!

"वैजू, तुला अँग्लो-सॅक्सन येतात ना?" नंदाने फोनवर विचारलं. थालीपीठ येतं का, असं विचारावं त्या सुरात.

नंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन आरोंद्याला गेली, गोव्याच्या वेशीवरच्या खाडीकाठच्या गावात. तिच्या मुलाने, केदारने, इंग्लंडमध्ये हॅनाशी लग्न केलं आणि आता दोघं कायमची आरोंद्यात राहायला आली होती. त्यानिमित्त गावजेवण होतं. हॅनाची आई मार्गरेटही आली होती, पण कुणाशी बोलत नव्हती. एकुलती एक लेक इतक्या लांब राहणार, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

"हॅनाच्या गावाबाहेर बाराशे वर्षांपूर्वी म्हणे मोठी लढाई झाली," नंदा सांगत होती. "आमच्या दशावतारातले गुरुनाथभाऊ म्हणतात, सुनेच्या गावची लढाई आपण रंगमंचावर करू, विहीणबाई खूश होतील. पण त्यांना ती लढाई सांगणार कोण? तू ये!"

मी कोल्हापुरात शाळेत इतिहास शिकवते. आजवर एकाही माणसाने मला आपण होऊन ही एलनडनची लढाई विचारली नव्हती. मी फोन ठेवायच्या आधीच बॅग काढली.

कोल्हापूरहून आजरा, आंबोलीमार्गे सावंतवाडीची एसटी पकडा. गाडी लागत असेल तर घाटाआधी गोळी घ्या. मी आंबोलीला गरम वडे खाल्ले आणि मगच गोळी आठवली. वडे शाबूत राहिले, एवढंच सांगते. सावंतवाडीला उतरून आरोंद्याची गाडी बदलायची. ती तासातासाला नसते, तेव्हा स्टँडवर आधीच चौकशी करा. रस्ता अरुंद, दोन्हीकडे काजूची झाडं, कापणी झालेले भाताचे मळे, आणि मग एकदम खाडीचा खारा वास. रोख पैसे जवळ ठेवा. मुक्कामाला घरगुती खोल्या स्वस्तात मिळतात, पण आधी फोन केलेला बरा. मला नंदाकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं फुकट मिळालं, तो दर तुम्हाला लागू नाही.

संध्याकाळी पडवीत गुरुनाथभाऊ आले. साठीचे, भरदार, आयुष्यभर राक्षस आणि दुष्ट राजे केलेले. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. गोष्ट समजून घ्यायची आणि उभ्याउभ्या बोलायचं. मी सांगितली. मर्सिया म्हणजे अँग्लो-सॅक्सन इंग्लंडातलं तेव्हाचं दांडगं राज्य, राजा बर्नवुल्फ. शेजारी वेसेक्स, राजा एग्बर्ट. एलनडनला दोघे भिडले, मर्सिया हरलं, आणि केंट, ससेक्स, एसेक्स अशी छोटी राज्यं वेसेक्सकडे गेली. तिथून पुढे सगळं पारडंच फिरलं.

भाऊंनी पान लावत एकच विचारलं. "बर्नवुल्फ पडता कसो?"

"तो लढाईत पडला नाही हो. हरून पळाला."

"पळूचो नाय. दशावतारात राजा पळणा नाय, पडता."

मी इतिहासाच्या वतीने तेवढी सूट दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हं कलल्यावर मी मार्गरेटला खाडीवर फिरायला नेलं. पुलावरून पलीकडे गोवा दिसतो. खाली होडीतून मासळी उतरत होती आणि घाटावर बायकांची सुंगटांवरून, म्हणजे कोळंबीवरून, घासाघीस चालली होती. मार्गरेट सगळं बघत होती, पण नुसतीच मान हलवत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वेसेक्सच्या लोकांना एलनडनचा अभिमान असेल नाही?"

"त्यांना असेल," ती म्हणाली. "मी टॅमवर्थची."

मी रस्त्यातच थांबले. टॅमवर्थ! मर्सियाच्या राजांचं गाव! "म्हणजे तुम्ही हरलेल्यांच्या बाजूच्या?"

ती आल्यापासून पहिल्यांदा हसली. लग्न करून ती वेसेक्सच्या गावात गेली, तेव्हा तिची आई लग्नाच्या दिवशी तिच्याशी बोलली नव्हती. "आणि बघ," ती हळूच म्हणाली, "आता मी काय करतेय."

मी धावत घरी आले. नंदाने कपाळावर हात मारला. "म्हणजे विहीणबाईंच्या माहेरचा राजा आपण त्यांच्यासमोर आपटणार? आणि सासरचा जिंकणार?"

आम्ही दोघी देवळामागे पळालो, तिथे संध्याकाळच्या खेळाची तयारी चालली होती. भाऊ आरशासमोर गालाला लाली लावत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"बायच्या माहेरचो राजा हरूचो नाय."

"भाऊ, तो हरलाय! बाराशे वर्षांपूर्वीच!"

"इतिहास तुमचो, बाई. नाटक माझां."

जत्रेतला दशावतार उत्तररात्रीपर्यंत चालतो, पण पाहुण्यांसाठी हा खेळ दिवेलागणीला लावला होता. देवळासमोर एक बाकडं, तेच सिंहासन. मृदंग, झांज, पेटी. आधी गजाननाला वंदन आणि मग थेट वेसेक्स. उंच मुकुट घातलेला एग्बर्ट झाला होता काटकुळा दिगंबर. पलीकडून भाऊ गरजले, "हे एग्बर्टा! तुझे वेसेक्स म्हणजे माझ्या मर्सियाच्या मुदपाकखान्यातील राख!"

मंडप दणाणला. मार्गरेटच्या कानाशी केदार भाषांतर करत होता आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, ते मला मागून कळेना.

लढाई सुरू झाली. मृदंग चढला. तलवारी भिडल्या, गिरक्या झाल्या, एग्बर्टने घाव घातला. बर्नवुल्फ डुलला, सावरला आणि मिशीला पीळ देत उभा राहिला. पुन्हा घाव. पुन्हा उभा. दिगंबर घामाघूम. शेवटी तो वेसेक्सची राजभाषा सोडून पुटपुटला, "पड मरे, भाऊ! माझो हात दुखाक लागलो!"

सगळं गाव हसून लोळलं. भाऊ मात्र पुढे आले, मार्गरेटसमोर उभे राहिले आणि त्यांनी मृदंग थांबवला.

"बाय, मी तुझ्या माहेरचो. तू सांग. पडू की नको?"

केदारने सांगितलं. नंदाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मार्गरेट उभी राहिली. ती खरोखरच हसत होती, डोळे वाहत असताना. ती बोलली आणि केदारने मोठ्यांदा सांगितलं, "त्या म्हणतात, चाळीस वर्षं मी जिंकलेल्यांच्यात राहतेय. माझं काही वाईट झालं नाही. पड. पण घाई करू नकोस, रुबाबात पड."

आणि भाऊ पडले! काय पडले! आधी एक गुडघा. मग मर्सियाची माती म्हणून आरोंद्याची माती कपाळाला. मग एग्बर्टला आशीर्वाद. मग पुन्हा उठून लेकीसुनांना आशीर्वाद. मृदंगवाला थकला, पण भाऊंचं पडणं संपेना. शेवटी आडवे झाले तेव्हा अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि सगळ्यांत जोरात शिट्टी मारली ती मार्गरेटने.

जेवणाच्या पंगतीत ती आपण होऊन नंदाशेजारी बसली. वडे आणि कोंबडीची सागोती समोर होती. ती नंदाला म्हणाली, "हॅनाला सकाळी उठल्यावर कुणी बोललेलं आवडत नाही. चहा होईपर्यंत गप्प राहायचं."

"केदारचंही तसंच आहे," नंदा म्हणाली. मग दोघी किती वेळ आपापल्या मुलांच्या खोडी सांगत बसल्या! पलीकडे हॅना हातात वडा तसाच धरून आईकडे बघत होती.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर कधीही जा. गावोगावी जत्रा असतात, दशावतार बघायला तिकीट नसतं, अंथरायला चटई मात्र न्या. आणि कुठला खेळ आहे ते चहाच्या टपरीवर विचारा, तिथे सगळं कळतं.

कोल्हापुरात परतल्यावर नवऱ्याने विचारलं, "झाली का तुमची लढाई?" मी त्याच्या हातात झारा दिला, त्याला एग्बर्ट केलं आणि स्वयंपाकघरात बर्नवुल्फसारखी पडून दाखवायला लागले. पडता पडता भात करपला. हसू ओसरल्यावर मात्र मला मार्गरेट आठवली. पुस्तकात एलनडन दोन ओळींत संपतं, कोण जिंकलं आणि कोण हरलं. हरलेल्या गावची एक मुलगी जिंकलेल्यांच्या गावी नांदायला गेली आणि तिने आपली लेक आरोंद्याला दिली, हे त्या दोन ओळींत कुठे बसवायचं?

आत्ताच नंदाचा फोन येऊन गेला. मार्गरेटने परतीचं तिकीट पुढे ढकललंय. आसपासच्या दोन गावांनी मर्सियाच्या राजाला बोलावलंय आणि दोन्हीकडे तिला पहिल्या रांगेत बसायचंय.