कणीक लावलेला मासा

प्लास्टिकच्या माशाला मी हळद-हिंग घालून भिजवलेली कणीक थापली होती. नुसती थापली नव्हती, करंजीला मुरड घालतात तशी कडेने दाबून बसवली होती. तेव्हा मी काही अल्लड नव्हते, नातवंडं शाळेत जात होती. पण ही बाई स्वतःला फार हुशार समजायची.

त्याचं कारण माहेर. पंचवटीच्या पुढे आमचा झेंडूचा मळा होता, आणि माझे भाऊ नदीवर गळाला कणकेची गोळी लावून मासे धरायचे. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं होतं की माशाला वासाशिवाय काही कळत नाही.

आमच्या ह्यांचं शास्त्र वेगळं. नाशिक रोडच्या कॉलनीत निवृत्त होऊन बसल्यावर त्यांना मरळ धरायचा नाद लागला, तोही असल्या नकली माशांवर. मासा बोटभर लांब, पोटाखाली गळ, हनुवटीला एक पारदर्शक पट्टी. रॉडने दोन झटके द्यायचे, की त्या पट्टीमुळे तो जखमी झाल्यासारखा तिरपा तिरपा पळतो. मग थांबायचं. तो पाण्यात तसाच अधांतरी राहतो, आणि मरळ त्याला धरते ती त्या थांबण्यात. हे ते मला ओट्यापाशी लाटणं हातात घेऊन शिकवायचे. झटका, झटका, थांब. मी म्हणायचे, माझी पोळी करपतेय, मला थांबता येत नाही.

मग त्यांना खरा झटका आला, अर्धांगाचा. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. हात हळूहळू उचलायला लागले, पण बोलणं त्यांनी स्वतःच बंद केलं. शब्द वाकडा यायचा आणि समोरचा माणूस दयेने मान डोलवायचा, ते त्यांना सहन होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बोलते करा, नाहीतर ते राहूनच जाईल. मी भाजी मुद्दाम खारट करून पाहिली. गुपचूप जेवले. घरात झटका हा शब्द आम्ही काढेनासे झालो. इस्त्रीचा शॉक बसला तरी मी चटका बसला म्हणायचे.

शेवटी थंडीतल्या एका रविवारी मुलाला गाडी काढायला लावली आणि यांना इगतपुरीकडच्या धरणावर नेलं. मुलगा म्हणाला, आई, तुला पोहता तरी येतं का. मी म्हटलं, मला मासा धरायचाय, मासा व्हायचं नाहीये.

काठावर खुर्ची टाकून यांना बसवलं, कानटोपी घातली. मुलगा फोन आला म्हणून गाडीकडे गेला. मी डबा उघडला, घरून सजवून आणलेला मासा दोरीला बांधला आणि पदर खोचून रॉड फिरवला. मासा पाण्यात गेला. कणीक मात्र यांच्या कानटोपीवर.

त्यांनी डाव्या हाताने ती काढली, हुंगली, माझ्याकडे पाहिलं. मासा ओढला तर वाळक्या काडीसारखा सरळ परत आला, कारण पट्टीखाली उरलेली कणीक गच्च बसली होती. केसातली पिन काढून मी ती खरवडली आणि पुन्हा टाकला. आता मला राग आला होता, कोणाचा ते माहीत नाही. गोधडी झटकावी तशी मी रॉड झटकत सुटले. थांबणं-बिंबणं काही नाही.

मागून आवाज आला. जड, ओठाच्या एकाच कडेने निघालेला.

"अगं, झटका मला आला होता. तू कशाला झटकतेस? थांब."

मी थांबले. शहाणपणाने नव्हे, त्यांचा आवाज ऐकून. आणि तेवढ्यात रॉडचं टोक खाली वाकलं. पाण्यात काहीतरी काळं, जाडजूड उलटलं. मी मात्र वळून यांच्याकडेच बघत राहिले, त्यामुळे दोरी सैल पडली आणि मरळ सुटली. ते हसत होते आणि कपाळावर हात मारायला गेले. उजवा हात. अर्ध्यापर्यंतच पोचला, पण निघाला होता कपाळाकडेच.

मुलगा धावत आला, काय झालं विचारायला. मी तोंड उघडणार तोच यांनी मला हाताने गप्प केलं आणि कणकेची सगळी हकीकत स्वतः सांगितली. शब्द अडखळत होते, मध्येच एखादा गळून पडत होता, तरी पिनेपर्यंत काही सोडलं नाही. पोराने मान डोलवली नाही, पोट धरून हसला.

परत येताना ते पुढच्या सीटवर बसले होते. घोटीच्या पुढे आल्यावर मला वाटलं, त्यांना झोप लागली. तर मान न वळवता म्हणाले,

"पुढच्या रविवारी परत येऊ. कणीक पोळ्यांना ठेव."