चेहऱ्यावरचा निळा

गावात त्याला चित्रकार कुणी म्हणत नसे, वेधशाळा म्हणत. कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही, हे शेजारणी त्याच्या चेहऱ्यावरून ठरवत आणि हमखास फसत, कारण स्वारी खुशीत असली म्हणजे आभाळ भरून आलेलं असायचं. जन्मभर त्याने समोरची टेकडी आणि खालची नदी रंगवली. शहरातून बोलावणं आलं, तर "तिथला उजेड माझ्या ओळखीचा नाही," म्हणून घरीच बसला.

त्याचा एक हट्ट होता: समोर नाही ते चित्रात नाही. आठवणीतून तो साधी फांदीही काढत नसे. ढग सरकला की ब्रश खाली. पुन्हा तसाच ढग येईपर्यंत चित्र भिंतीकडे तोंड करून उभं. "घरातलं पीठ संपलेलं दिसत नाही, टेकडीवरचा जांभळा तेवढा बरा दिसतो," बायको म्हणायची. बोलायची खरी, पण पीठ तीच आणायची.

साठी उलटली आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जग हळूहळू पिवळट, मळकट होत गेलं, आणि या पठ्ठ्याला वाटलं, उजेड आता कुठे आपल्याला कळायला लागलाय. निळा रंग दिसेना, म्हणून चित्रात तो ओतत सुटला. बायकोच्या ते लक्षात आलं.

"अहो, एकदा डोळे दाखवून घ्या."

"याच डोळ्यांवर घर चाललंय," तो खेकसला. हेकेखोरपणाला औषध नसतं.

मग एका हिवाळ्यात बायकोच्या छातीने दगा दिला. ती आपण होऊन म्हणाली, "टेकडी काही पळून जात नाही. एकदा मला काढा." शाल लपेटून ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायची. सकाळचं ऊन गालावर आलं की तो सुरू करायचा, तिला खोकला आला की थांबायचा. त्याच्याकडे बघताना ती ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबायची, तेही त्याला नेमकं सापडलं. चित्र पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत ती गेली.

मुलीने त्याला जवळजवळ ओढतच नेऊन ऑपरेशन करवलं. पट्टी निघाली, दवाखान्याची चादर पांढरीशुभ्र दिसली, तेव्हा तो चक्क हसला. घरी आल्यावर ते हसू मावळलं. कितीतरी वर्षांच्या टेकड्या भिंतीवर निळ्याजांभळ्या सुजलेल्या होत्या. आणि बायकोचा चेहरा पाण्यातून काढलेल्या प्रेतासारखा. हे असलं चित्र बघून ती बिचारी "छान झालंय" म्हणाली होती.

त्याने सगळी चित्रं दुरुस्त करायला काढली. पद्धत ठरलेली: चुकलेला रंग सुरीने खरवडायचा, मान वर करून समोरचा खरा रंग बघायचा, मग तो लावायचा. टेकडी समोर होती, नदीही समोर होती. हात तरुणासारखा चालत होता.

"बाबा, आईच्या चित्राला हात लावू नका," मुलगी म्हणाली.

"मग काय तिला अशीच ठेवू? मेल्यासारखी?"

एका सकाळी अगदी तसंच ऊन आलं. त्याने चित्र व्हरांड्यात आणून उभं केलं आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत सगळा निळा खरवडून काढला. मग जन्माच्या सवयीने मान वर केली.

खुर्ची रिकामी होती. ऊन मात्र हवं तिथे पडलं होतं.

मुलगी चहा घेऊन आली, तेव्हा तो कोरडा ब्रश धरून तसाच उभा होता. चित्रात शाल होती, खुर्ची होती, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं खरवडलेलं कापड. तिने कप खाली ठेवला.

"फोटो आणू का?" तिने कसंबसं विचारलं.

"फोटोत ती भलत्याच कुणाकडे बघतेय."

मुलगी पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. "निळी का होईना बाबा, ती होती ना!"

"रंगच तेवढा चुकला होता गं," तो म्हणाला. "बाकी सगळं बरोबर होतं."