गांजाच्या केसेस आणि आमचे लेले सर

वकिलाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, फायली आणि किस्से. फायली कधीतरी रद्दीत जातात. रद्दीवाला किस्से घेत नाही! मग ते असे कुणाला तरी सांगूनच कमी करावे लागतात. तसे ते कमीही होत नाहीत, कारण एक सांगितला की दुसरा आठवतोच.

मी मूळची अकोल्याची. लॉ करायला पुण्यात आले आणि शिवाजीनगर कोर्टात लेले सरांच्या हाताखाली लागले. सर साठी ओलांडलेले, सदाशिव पेठेतले. त्यांच्याकडे बहुतेक केसेस एकाच प्रकारच्या. गांजा, चरस, एमडी! आम्ही आरोपीच्या बाजूने. कुठल्या केसेस करता असं पाहुण्यांनी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की त्यांच्या हातातला चहाचा कप खाली येतो.

*

सरांच्या शेजारच्या काकांनी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "अहो लेले, ड्रग्जवाल्यांना सोडवता. रात्री झोप कशी लागते आपल्याला?"

सर शांतपणे म्हणाले, "लागते की. आपल्याकडचा टीव्ही बंद झाला की लगेच लागते!"

काकांनी पुढे बरेच दिवस बोलणं टाकलं. मग एका सकाळी दूधवाल्याच्याही आधी सरांच्या दाराची बेल वाजली. दारात काका, चेहरा पांढराफटक. त्यांच्या पुतण्याला कुठल्याशा फार्महाऊसवरच्या पार्टीतून पोलिसांनी उचललं होतं.

सर म्हणाले, "या. टीव्ही बंद करून आलात ना?"

आणि चपला पायात सरकवून त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला निघालेसुद्धा.

*

या कायद्यात 'कमर्शियल क्वांटिटी' नावाचा एक राक्षस आहे. माल ठरावीक वजनाच्या वर गेला की तो धंद्यासाठीच होता असं धरतात, आणि मग जामीन मिळता मिळत नाही.

वाशीमचा एक मुलगा इंजिनिअरिंगला पुण्यात होता. रूम पार्टनर गावाला गेलेला, म्हणून त्याचं पार्सल याने सही करून घेतलं. पाठोपाठ पोलीस आले. पार्सलमध्ये गांजा, तोही कमर्शियल! त्याची आई रात्रभर एसटीत बसून थेट आमच्या ऑफिसला आली. सरांनी तिला पुन्हा पुन्हा समजावलं, "बाई, अडचण अशी आहे की हे कमर्शियलमध्ये जातंय."

ती माऊली शेवटी माझ्याकडे वळली. बोलीवरून मी वऱ्हाडातली हे तिने ओळखलं होतं. म्हणाली, "माय, सायबाले सांग नं, त्यायचा काईतरी घोळ होऊन रायला. माहा पोरगा कमर्शियलले नव्हताच कधी. थो पयल्यापासून सायन्सले आहे!"

मला हसू आवरेना आणि डोळ्यातलं पाणीही. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, अगदी बरोबर आहे तुमचं. हेच मी कोर्टात जरा वेगळ्या शब्दांत सांगणार आहे."

पार्सलवरचा मोबाइल नंबर रूम पार्टनरचा निघाला. मुलाला जामीन मिळाला. थोड्या उशिराने, पण मिळाला. त्याने परीक्षाही दिली. सायन्सचीच!

*

पोलीस झडती घेतात तेव्हा दोन पंच लागतात, म्हणजे डोळ्यांदेखत सगळं घडलं असं सांगणारी बाहेरची माणसं. एका केसमधले एक पंच बुधवार पेठेतले, मोबाइलचे चार्जर विकणारे. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्यांना बोलावून नेलेलं. तो राग अजून गेला नव्हता.

सरकारी वकिलांनी विचारलं, "पाकिटातून गांजाचा उग्र वास येत होता, हे खरं आहे ना?"

"मला नाही सांगता येणार. मला त्या दिवशी सर्दी होती."

"मग पंचनाम्यात तसं लिहिलंय, त्याखाली सही कशी केलीत?"

"मी साहेबांना म्हटलं होतं की मला सर्दी आहे, वास येत नाही. साहेब म्हणाले, सही नाकाने करायची नसते!"

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. सर उलटतपासाला उठले, साक्षीदाराला नमस्कार केला आणि म्हणाले, "मला काही विचारायचं नाही." आणि बसले.

*

लोणी काळभोरचे ज्ञानोबा रोपांची नर्सरी चालवायचे. एक गिऱ्हाईक काही रोपं ठेवून गेलं. विलायती झेंडू आहे, वाढवा, मी येऊन नेतो, म्हणालं. ज्ञानोबांनी पोटच्या पोरासारखी रोपं वाढवली. रोपं कमरेएवढी झाली तरी झेंडूचं काही चिन्ह दिसेना. म्हातारा काळजीत पडला. एकदा एक हवालदार मोगऱ्याची रोपं न्यायला आले, तर यांनी त्यांनाच मागच्या बाजूला नेलं.

"सायेब, तुम्ही चार गावं फिरता. ह्यो झेंडू फुलत का न्हाई, जरा बघा की!"

हवालदारांनी बघितलं. मोगरा तिथेच राहिला आणि ज्ञानोबा आत गेले.

कोर्टात कळलं की मालाचं वजन कुंड्यांसकट केलेलं! सरांनी तपास अधिकाऱ्यांना विचारलं, "कुंडीतल्या मातीने किती नशा चढते, सांगाल का आपण?" पण सरांचा खरा मुद्दा एकच होता, गुन्हा करणारा माणूस आपण होऊन पोलिसाला रोपं दाखवायला नेईल का?

शेवटी जज्जसाहेबांनी ज्ञानोबांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? म्हाताऱ्याने हात जोडले.

"सांगायचं काय न्हाई. इचारायचं हाय. त्यो झेंडू नव्हता, तर माझ्याकडं दुसऱ्या एकाची शेवंती हाय. ती तरी शेवंतीच हाय का, कुणाला धाडून बघून घ्या, सायेब!"

ज्ञानोबा सुटले. आता कुणी काहीही ठेवायला आणलं की ते आधी त्याचा फोटो काढतात. रोपाचा नाही, माणसाचा!

*

तुम्हाला वाटेल, ही जिंकलेल्याच केसेस सांगते. हरलो त्याही पुष्कळ. एकाला शिक्षा झाली, चांगली मोठी. पोलीस त्याला घेऊन जात होते. सर पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "मी कमी पडलो रे."

तो म्हणाला, "नाही हो सर. तुम्ही इतकं मस्त बोललात, की मध्ये तर मलाच वाटायला लागलं, आपण काही केलेलं नाही!"

*

विश्रांतवाडीचे एक काका होते, सरकारी खात्यातून रिटायर झालेले. मुलगा आयटीत, नशेच्या आहारी गेलेला. खिशात छोटी पुडी सापडली होती. जामीन सहज मिळण्यासारखा. काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, जामीन जरा लांबवता येईल का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आत आहे तोवर तो जिवंत आहे हे मला ठाऊक असतं. बाहेर असला की फोन वाजला तरी उचलवत नाही मला."

सर म्हणाले, "काका, अशील तो आहे, आपण नाही." आणि मुलाकडे गेले. तो बाकावर मान खाली घालून बसला होता.

"बाबा आलेत?" त्याने विचारलं.

"आलेत. जामीन नको म्हणतायत."

मुलाने मान वर केली. मग म्हणाला, "म्हणजे अजून माझा नाद सोडला नाही त्यांनी."

व्यसन असलेला माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, अशी सोय कायद्यात आहे. सरांनी ती समजावून सांगितली. मुलगा उपचाराला गेला. मध्ये एकदा पळूनही आला, पुन्हा गेला. आता एका छोट्या कंपनीत आहे. काका मला अजून अधूनमधून फोन करतात. काम काही नसतं. "बरं चाललंय," एवढंच सांगतात.

*

संतोष कॅब चालवायचा. स्टेशनवरून एक पॅसेंजर घेतला, त्याने डिकीत बॅग टाकली. पुढे नाकाबंदी दिसली तसा पॅसेंजर म्हणाला, "पाण्याची बाटली घेऊन आलोच," आणि उतरला तो उतरलाच. बॅगेत गांजा. गाडी संतोषची, डिकी संतोषची, म्हणून मालही संतोषचा!

त्याला मुलगी झाली तेव्हा तो येरवड्याला होता. ती चालायला लागली तेव्हाही तिथेच. शेवटी स्टेशनवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज कोर्टासमोर आलं. त्यात पॅसेंजर स्वतःच्या हाताने बॅग ठेवताना स्पष्ट दिसला. संतोष निर्दोष सुटला.

काही दिवसांनी तो बायको-मुलीला घेऊन कोर्टाबाहेर आला. मेव्हण्याची कॅब आणली होती. "सर, मॅडम, आज मी सोडणार घरी. नाही म्हणायचं नाही."

सर खूश! आपली जाडजूड बॅग घेऊन गाडीच्या मागे गेले. संतोषने डिकीवर हात ठेवला.

"सर, राग मानू नका. बॅग उघडून दाखवा."

"अहो, काय बोलताय!" त्याची बायको कासावीस झाली. "सरांची बॅग?"

मी सरांकडे पाहिलं. कायद्याचं कलम सांगितल्याशिवाय ज्यांच्या पिशवीला कुणी हात लावू शकलं नसतं, असा हा माणूस!

सरांनी बॅग गाडीच्या टपावर ठेवली. एकेक वस्तू बाहेर काढली. फायली, चष्म्याचं घर, गळ्याचे पांढरे बँड, बीपीच्या गोळ्या, बायकोपासून लपवलेलं चिवड्याचं पाकीट. डबाही उघडून दाखवला, तळाशी गवारीची भाजी उरली होती. संतोषने सगळं नीट पाहिलं. बाजूच्या कप्प्यात हात घालून पाहिला. मग सगळं होतं तसं आत ठेवलं, चेन लावली आणि बॅग आपल्या हाताने डिकीत ठेवली.

मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, तुमची पर्स?"

मी पर्स उघडली.